तिजोरीतला खडखडाट कुणाच्या माथी?



बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, धारूर. कुठल्याबी नगरपरिषदेत जा. गटार तुंबलं म्हणा, नळ कोरडा म्हणा. उत्तर ठरलेलं, "निधी नाही." आम्ही विचारतो, निधी नाही की निधी नेला?

1999 साली सरकारनं नगरपरिषदांची जकात बंद केली. व्यापारी खूश झाला. शहराची रोजची कमाई गेली अन् तिच्या जागी सहायक अनुदान आलं. म्हणजे ताटातली भाकर काढून घेतली अन् मंत्रालयाच्या दारात हात पसरायला लावलं. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 कामं लिहिली. पाणी, रस्ते, सफाई, झोपडपट्टी सुधारणा. कामं गळ्यात मारली, पैशाची थैली वरच ठेवली.

दिल्लीचाही हिशेब बघा. 15 व्या वित्त आयोगानं केंद्राच्या करातले 41 टक्के राज्यांना द्या म्हटलं. पण सेस अन् सरचार्ज त्या वाटणीत येतच नाहीत. गोदीत आम्ही जो परदेशी माल उतरवतो, त्यावर 2018 पासून एक सरचार्ज बसतो. नाव काय, तर समाजकल्याण! त्यातला पैसा वाटणीनं बीडच्या गटारापर्यंत येत नाही.

वर निवडणुकांचा खेळ. 2022 च्या सुमारास बहुतेक नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या. मतदान झालं ते 2025 च्या डिसेंबरात. निवडून आलेली सभा नाही म्हणून वित्त आयोगाचं अनुदान अडलं. निवडणूक लांबवली वरच्यांनी, तहानले खालचे.

अन् 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे चारशे दहा कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच बोंब मारली. बहिणीला जरूर द्या, ती आमचीच माय-बहीण आहे. पण तिच्याच वस्तीच्या ताटातलं काढून तिलाच वाढायचं, ही कसली ओवाळणी?

तूट आली की पहिली कात्री कुठं लागते? साहेबाच्या गाडीला नाही. ठेक्यावरच्या झाडूवालीच्या पगाराला. आमच्या वस्तीच्या नाल्याला. टँकर विकत घेणारा वाड्यात राहतो, हंडा घेऊन उभी राहते ती आमची आई. अंदाजपत्रकालाही जात असते, दोस्तांनो.

आपल्यातलेही काही कमी नाहीत. निळा झेंडा गाडीवर अन् नालीचा ठेका खिशात! त्यांनाही जाब विचारा.

आता नगरसेवक निवडून आलेत. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दलित वस्तीचा निधी किती आला, कुठल्या गल्लीत मुरला, विचारा. सफाई कामगाराचा पगार तारखेला अन् बँकेत झाला पाहिजे, ठणकावून सांगा. अंदाजपत्रकाच्या सभेला गर्दी करा. नुसतं जयंतीला जमून भागणार नाही.

भीक नको, हिशेब द्या!

जयभीम.