रीसेट दाबण्याआधी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल उशिरा असली की बेगडेवाडीच्या फलाटावर पहिला प्रश्न एकच असतो, ‘देहूरोड सोडलं का?’ गाडी कुठपर्यंत आली हे कळले की पुढचे ठरवता येते. घरातले इंटरनेट बंद पडल्यावर मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. घरातला कोणीतरी टाचणी शोधतो आणि राउटरच्या मागचे रीसेटचे बारीक भोक दाबतो.

तपासणीआधी दिलेले हे औषध आहे, आणि जालीमही. अनेक घरांत इंटरनेट कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेले असतात. रीसेटने ते पुसले जातात. बिघाड मुळात दुसरीकडे असेल तर आता एकाचे दोन झाले.

मोडेम आणि राउटर वेगळे असलेल्या घरात कामाची वाटणी सरळ आहे. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेत मोडेम करतो. ते घरातल्या मोबाईल, टीव्ही, लॅपटॉपला वाटून देण्याचे काम राउटरचे. फायबरच्या पेटीला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात, लोक मोडेमच म्हणतात, आणि त्याने काही अडत नाही. या पेटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी राउटरशी खटपट व्यर्थ. कपाट सरकवताना मागची बारीक केबल दुमडली नाही ना, एवढे पाहावे. काचेचा तंतू जास्त वाकला की प्रकाश बाहेर निसटतो. केबल ठीक असेल तर सरळ तक्रार नोंदवावी.

सगळ्यांत जास्त फसवतात त्या मोबाईलवरच्या वायफायच्या रेघा. रेघा पूर्ण आहेत म्हणजे इंटरनेट आहे, असा पक्का समज असतो. त्या रेघा सांगतात फक्त मोबाईल आणि राउटर यांच्यातला संपर्क. राउटरच्या पलीकडे काहीही नसले तरी त्या पूर्ण दिसतील. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली वायर ‘वॅन’ऐवजी शेजारच्या ‘लॅन’च्या खाचेत गेली की नेमके हेच होते: रेघा भरलेल्या, आणि पान काही उघडत नाही.

निकाल लावणारी चाचणी एका वायरची आहे. राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट मोडेमला जोडायचा. युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये असतील तर ते लॅपटॉपवर भरावे लागतात. मोडेम आधीच्या यंत्राची ओळख धरून बसतो म्हणून तो एकदा बंद करून सुरू करावा. इंटरनेट आले तर दोष राउटरकडे, नाही आले तर मोडेम किंवा त्याच्या पलीकडे. (नव्या पातळ लॅपटॉपना वायरची खाचच नसते, छोटा अडॅप्टर घरात असू द्यावा.) नंतर दोन्ही पेट्या बंद करून आधी मोडेम, त्याचे दिवे स्थिरावल्यावर राउटर, या क्रमाने सुरू कराव्यात. निम्म्या तक्रारी एवढ्यावर मिटाव्यात.

पावसाळ्यात मावळातली वीज गेली की आणखी एक गंमत होते. राउटर इन्व्हर्टरवर असतो, मोडेमचा अडॅप्टर साध्या प्लगमध्ये. वायफाय चालू, इंटरनेट बंद, आणि दोष कंपनीला.

हे सगळे फावल्या वेळचे काम नाही. आजी ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलत असताना किंवा मुलाची मुलाखत सुरू असताना लाईन गेली, तर आधी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करावा, तपासणी मागाहून.

पण सगळा भार ग्राहकावर टाकणेही योग्य नाही. राउटरवाला इंटरनेट कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी राउटरकडे, आणि मधल्या मधे चांगला राउटर टाकून नवा विकत घेतला जातो. जोडणी करून देणारा माणूस दोन पेट्यांची नावे, कोणती वायर कोणत्या खाचेत, युजरनेम आणि पासवर्ड एवढे कागदावर लिहून न देताच निघून जातो. पाच मिनिटांचे हे काम जोडणीचाच भाग धरले पाहिजे, आणि तो कागद हातात पडेपर्यंत ग्राहकाने काम पूर्ण झाल्याची सही करू नये.