रुग्णालयातला फोन कुणी पुसायचा?

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या, म्हणजे ‘एनसीसीएस’च्या शास्त्रज्ञांनी 27 मोबाइलच्या पडद्यांवरून नमुने गोळा केले. त्यांत 515 प्रकारचे जिवाणू आणि 28 प्रकारच्या बुरशी निघाल्या. दोन जिवाणू आणि एक बुरशी तर तोवर विज्ञानाला अज्ञात होत्या. एका जिवाणूला ‘लायसिनिबॅसिलस टेलिफोनिकस’ असं नाव मिळालं. 2017 मध्ये हे जाहीर झालं, तेव्हा शहरात त्याची बरीच चर्चा झाली. खरं तर त्यांतले बहुतेक जंतू आपल्या कातडीवर एरवीही नांदणारे, निरुपद्रवी. पीएमपीच्या बसमध्ये किंवा कट्ट्यावर त्यांच्यामुळे सहसा कुणी आजारी पडत नाही.

आयसीयूत तसं नसतं. तिथे घशात नळी, मानेच्या शिरेत सलाइन आणि पोटावर ताजे टाके असलेली माणसं असतात. जंतूही वेगळे, अनेक औषधांना दाद न देणारे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर पाच महिन्यांपर्यंत आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस सात महिन्यांपर्यंत तग धरू शकतो, असं 2006 मधल्या एका आढाव्यात नोंदलं आहे. खाटेचा कठडा, बीपीचा पट्टा, मॉनिटरची बटणं आणि फोनचं कव्हर हे सगळे असे कोरडे पृष्ठभागच आहेत. जिनिव्हाच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की रुग्णाला एकदा तपासल्यावर स्टेथोस्कोपच्या चकतीवर डॉक्टरांच्या तळहातापेक्षाही जास्त जंतू आढळतात.

तरी व्हेंटिलेटर रुग्णालयाचा असतो. तो कोणी, कधी, कशाने पुसायचा हे ठरवून देता येतं. फोन मात्र ज्याचा त्याचा. रक्ताचा रिपोर्ट त्यावर येतो, एक्स-रेचा फोटो त्यावरूनच वरिष्ठांना जातो, रेसिडेंट डॉक्टरांचा राउंड त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. तो कामाचं उपकरण झाला आहे आणि त्याची स्वच्छता मात्र खासगी बाब राहिली आहे. हातमोजे घालून फोन उचलला की त्या मोज्यांचा उपयोग तिथेच संपतो. पण फोनशिवाय काम चालत नाही, म्हणून त्यावर बंदीची भाषा व्यर्थ आहे. फोन उपकरणांच्या यादीत घ्यावा. आयसीयूच्या दाराशी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे रुमाल ठेवावेत, पाळी सुरू होताना आणि संपताना फोन कव्हर काढून पुसावा आणि हे काम संसर्ग नियंत्रण समितीच्या तपासणीत यावं.

हे सगळं सिस्टरांच्या माथी मारून मोकळं होणं मात्र अन्यायाचं ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार अल्कोहोलने हात चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबणाने धुवायला 40 ते 60. पाळीत शंभरदा हात चोळायचे म्हटले तर त्यातच 33 ते 50 मिनिटं जातात. एकाच सिस्टरकडे भरलेला वॉर्ड सोपवायचा आणि भिंतीवर हात धुण्याचं चित्र लावायचं, याला व्यवस्था म्हणता येत नाही. माणसं वाढवा, प्रत्येक खाटेशी सॅनिटायझर ठेवा, मग जाब विचारा.

नातेवाइकांनाही नुसता दोष देऊन चालणार नाही. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात सातारा-सोलापूरहून रुग्ण येतात. गावाकडच्या लेकराचा आवाज ऐकवायला फोन रुग्णाच्या कानाशी धरला जातो. तो आधार कोणी हिरावून घेऊ नये. फोन पुसून द्यायला वॉर्डातल्या मावशी त्यांना दोन मिनिटांत शिकवू शकतात. त्या मावशींना आधी कोणीतरी शिकवायला हवं.

2022 च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं आहे, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी 15 जणांना रुग्णालयातच किमान एक संसर्ग जडतो. पुण्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो, महापालिकेचं असो वा खासगी, आपला संसर्गाचा आकडा दरवर्षी जाहीर केला पाहिजे. खाट निवडताना दर विचारणाऱ्या कुटुंबाला तोही विचारता यायला हवा. आणि 5 मेचा जागतिक हात स्वच्छता दिन केवळ शपथेत घालवू नये. त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या फोनचे नमुने नावं न नोंदवता घ्यावेत, जंतूंची वाढ झालेल्या प्लेट त्यांनाच दाखवाव्यात, कोणालाही शिक्षा करू नये आणि तीन महिन्यांनी पुन्हा नमुने घ्यावेत.