वारा पाठीशी असताना

पाण्याचा स्वभाव मोठा मिस्कील आहे. माणसाच्या उत्साहाला ते चटकन साथ देते, परंतु त्या उत्साहाची किंमत मात्र सावकाश सांगते. गेल्या मार्गशीर्षात मालवणच्या समुद्रावर आम्हा चार मित्रांना याचा जो प्रत्यय आला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

महाविद्यालयात एका बाकावर बसलेले आम्ही चौघे आता इंदूर, हैदराबाद, पुणे आणि मुंबई अशा चार गावी विखुरलो आहोत. दोन-तीन वर्षांतून एकदा ठरवून भेटतो. वये पन्नाशीच्या पलीकडची. तरीही या खेपेस कयाक वल्हवण्याचा बेत ठरला, तो आमच्या मास्तरांच्या आग्रहामुळे. मास्तर म्हणजे आमच्यातले व्यायामशिक्षक. पोहण्यात, पळण्यात ते नेहमीच आमच्या पुढे.

कयाक म्हणजे एक-दोन माणसांची अरुंद, निमुळती होडी. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी घडविली. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ते सीलचे कातडे ताणून बसवीत आणि होडीचे माप वल्हवणाऱ्याच्या अंगावरून घेत. हल्ली ती प्लॅस्टिकची मिळते. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती असतात; एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे पाणी मागे सारावयाचे. आपल्या कोकणी होडीचा तोल बाजूची उलांडी सांभाळते. कयाकचा तोल माणसाने आपल्याच कमरेतून सांभाळावा लागतो. ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन घडीच्या कयाकमधून १९३२ साली डॅन्यूब नदीवरून निघाला आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याला लगटून जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पोहोचला. ही हकिकत मास्तरांनी आदल्या रात्री सांगितली आणि आमच्या अंगात नसते बळ संचारले.

सकाळी साडेसहाला आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. कयाक देणारे वृद्ध तांडेल आमची वाटच पाहत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ तासांत मिळते, असा कोकणातला जुना आडाखा आहे. त्या दिवशी अष्टमी; म्हणजे भरती सहाच्या सुमारास होऊन गेलेली आणि तीही भांगाची, जोर नसलेली. पाण्याकडून भय नव्हते. तांडेलांनी बोट दाखविले ते वाऱ्याकडे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि तिच्यावरची थंड, जड हवा समुद्राकडे वाहू लागते. हाच मतलई वारा. हिवाळ्यात तो सकाळी बराच वेळ टिकतो. माडांच्या आडोशामुळे किनाऱ्यालगत तो जाणवतही नाही, पाणी आरशासारखे दिसते. आत जावे तसा त्याचा जोर वाढतो.

"वारो पाटीर आसा तवसर सगळेच शूर," तांडेल म्हणाले. "किनाऱ्यावरल्या माणसाचा तोंड वळखाक येता, थयसरच जावा."

आम्ही माना डोलावल्या, जीवरक्षक जाकिटे बांधली आणि निघालो. प्रारंभी आज्ञाधारक मुलांप्रमाणे किनारा धरून दक्षिणेकडे वल्हवीत होतो. रापण ओढणाऱ्यांच्या आरोळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या. उजव्या हाताला सिंधुदुर्ग कोवळ्या उन्हात उजळत होता. १६६४ साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ केला. सुमारे तीन किलोमीटरांचा त्याचा तट, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेला असूनही आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! २०२५ साली मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्यता पावले, त्यांत हाही आहे. इतक्या जवळून त्याची समुद्राकडची बाजू न पाहता परतावे, हे मास्तरांना रुचेना. "दहा मिनिटांचे तर काम," ते म्हणाले. आम्हीही होय म्हटले. म्हणजे दोष एकट्याचा नव्हे.

दहा मिनिटेही लागली नाहीत. होड्या जणू आपणच धावत होत्या. आपल्या बाहूंत एवढे सामर्थ्य आहे, याचे आम्हाला कौतुक वाटू लागले. तटाच्या दक्षिण टोकापाशी लाटा खडकांवर फुटताना दिसल्या, तेव्हा आम्ही तोंडे वळविली. आणि सकाळपासून आपल्याबरोबर असलेल्या वाऱ्याशी आमची पहिली ओळख झाली.

तो समोरून अंगावर येत होता. बारीक, आखूड लाटा होडीच्या नाकावर आपटत होत्या. दहा मिनिटे झाली, वीस झाली. किनाऱ्यावरचे माड होते तेथेच. माझ्या उजवीकडे मास्तर हसतमुखाने वल्हवीत होते. पण त्यांची होडी वारंवार एकीकडे वळत होती आणि डावे पाते पाण्याला नुसते शिवून परत येत होते. ते मागे पडत होते. मी पाहिले आणि गप्प राहिलो. आयुष्यभर ज्याने आम्हाला मागे टाकले, त्याला "दमलास काय?" असे विचारणे मला अवघड वाटले.

ते धैर्य हैदराबादच्या आमच्या डॉक्टरीणबाईंनी दाखविले. "थांबा सगळे," त्या ओरडल्या. "मास्तर, खरे सांगा, खांदा केव्हापासून दुखतो आहे?"

क्षणभर मास्तर काही बोलले नाहीत. मग मान खाली घालून म्हणाले, "दोन महिने झाले."

बाईंच्या होडीत दोर होता. तो मास्तरांच्या होडीला बांधला; दोघांनी ओढावे, तिसऱ्याने विसावा घ्यावा, अशी पाळी लावली. मास्तरांनी वल्हे मांडीवर ठेवले. मुकाट बसून राहणे हेच त्या दिवशीचे सर्वांत कठीण काम होते, आणि ते त्यांनी केले. हळूहळू माड मोठे झाले, आडोसा लाभला, पाणी निवळले. किनाऱ्यावरची माणसे ठिपक्यांची माणसे झाली आणि मग त्यांना चेहरे आले. त्यांतला एक तांडेलांचा होता. त्यांची यांत्रिक होडी पाण्यात उतरवलेली होती. आणखी थोडा उशीर झाला असता, तर ते निघणारच होते.

ते रागावले नाहीत. चहा मागविला. मास्तरांनी खांद्याची हकिकत सांगितली, तेव्हा एवढेच म्हणाले, "हात दुखता ह्या सांगूक लाज कसली? दर्याक सगळा दिसता."

त्या चहाबरोबर आम्ही दोन गोष्टी गाठीस बांधल्या. समुद्रावर जाताना परतीचा हिशेब आधी करावा. कारण जाताना जे बळ आपले वाटते, त्यात वाऱ्याचा वाटा किती, हे तोंड फिरविल्याखेरीज कळत नाही. आणि चौघांचा वेग म्हणजे त्यांतल्या सर्वांत थकलेल्याचा वेग. म्हणून थकल्याचे सांगणे हे कर्तव्य आहे आणि ते विचारणे हा मैत्रीचा हक्क.

मास्तर आता खांद्यावर उपचार घेत आहेत. पुढल्या हिवाळ्याचा बेत ठरला आहे. या वेळी चेहरे ओळखू येतील तेवढ्याच अंतरावर!