टर्बो बदलण्याआधी

घाटात गाडी ओढत नाही, मागून काळा धूर निघतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी०२९९ हा कोड दिसतो आणि लगेच निकाल लागतो: 'टर्बो गेला, बदलावा लागेल.' डिझेल गाडीवाल्यांना हे वाक्य पाठ झालंय. या घाईला माझा ठाम विरोध आहे. कोड सांगतो एवढंच की इंजिनापर्यंत ठरलेला दाब पोहोचत नाही. तो तयारच होत नाही की वाटेत निसटतो, हे शोधणं फिटरचं काम.

टर्बोतून निघालेली हवा इंटरकूलरमधून इंजिनापर्यंत जाते ती बरीचशी रबरी होजमधून. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ हे रबर आतून मऊ करते, बाहेरून बॉनेटखालची उष्णता ते कडक करते. मग होज चिरतो, बहुधा क्लिपच्या कडेला, खालच्या अंगाला. गाडी उभी असताना ही चीर मिटलेली असते. दाब आला की उघडते. म्हणून नुसतं बघून भागत नाही. होजच्या खालून बोट फिरवावं. बाहेरून तेलकट काळा ओघळ लागला, तर आधी तिथेच संशय घ्यावा.

खात्री मात्र दाबाच्या चाचणीनेच होते. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून टर्बोच्या तोंडाला व्हॉल्व्ह असलेलं बूच बसवायचं. रेग्युलेटर लावून हळूहळू अर्धा ते एक बार हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे जागा दाखवतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर घाबरू नये. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतील. इंजिन हाताने थोडं फिरवून पुन्हा बघावं.

फुटका होज तसाच ठेवून नवा टर्बो बसवला, तर निसटणारी हवा भरून काढायला तोही गरजेपेक्षा जोरात फिरतो आणि लवकर झिजतो. म्हणजे हजारोंचं बिल भरूनही दुखणं कायम.

कॉम्प्रेसर बहुतेक गॅरेजमध्ये असतोच. लागतं ते एक बूच, एक गेज आणि अर्धा तास. चाचणी समोर करून दाखवा, असं सांगा. जो फिटर ती न करताच टर्बो उतरवायला निघतो, त्याच्याकडून गाडी परत न्या.