टाळूवरचे लोणी

चेन्नईत २०१६ साली एक वैद्यकीय विद्यार्थी, मुंबईत २०१९ च्या मार्चमध्ये एक उद्योजक आणि त्यानंतर कानपुरात दोन अभियंते हेअर ट्रान्सप्लांटनंतर प्राणास मुकले. यांतला कोणीही रोगाने जर्जर होऊन दवाखान्याची पायरी चढला नव्हता. कानपुरात गुन्हा दाखल झाला तो दंतवैद्यकीची पदवी असलेल्या व्यक्तीवर! दातांचा अधिकार टाळूपर्यंत कधी पोहोचला, हे कोणत्या विद्यापीठाने ठरवले?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले होते की केस पेरण्याची विद्या यूट्यूब पाहून येत नाही. ती रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्यानेच हाताळावी. एवढे लेखी सांगण्याची वेळ आली, यातच या धंद्याची अब्रू दिसते. आणि सरकार? जन्मजात व्यंगाची वा अपघाताने विद्रूप झालेल्या चेहऱ्याची शस्त्रक्रिया करमुक्त, केस पेरणे मात्र १८ टक्के जीएसटीस पात्र, इतका सूक्ष्म भेद ज्याला कळतो, त्याला सुरी कोणाच्या हातात आहे ते कळत नाही, यावर आम्ही विश्वास ठेवावा काय?

मुंबई-पुण्यातली केस पेरणारी काचबंद दुकाने पाहा. काउन्सेलर म्हणवणारी विक्रेती लग्नाची तारीख विचारते, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवते, ग्राफ्टमागे दर सांगते, हप्ते बांधून देते, ‘आजच बुकिंग केलेत तर सवलत’ म्हणून गळ टाकते. पण टाळूला छेद कोण देणार, त्याची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे काय, बधिर करणाऱ्या औषधाची मात्रा गिऱ्हाइकाच्या वजनानुसार कोण ठरवणार, ती चुकल्याने आकडी आली किंवा हृदय थांबले तर भूलतज्ज्ञ, प्राणवायू आणि अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे, हे विचारताच तिची वाचा बसते. भिंतीवर डॉक्टर, खुर्चीशी टेक्निशियन!

वैद्याने स्वतःची जाहिरात करू नये, असा २००२ चा नियम आहे. म्हणून वैद्य पडद्यामागे राहतो आणि कंपनी नटांना पुढे करून फलक झळकवते. बिघडले की बारीक अक्षरांतले संमतीपत्र तोंडावर फेकले जाते. सौंदर्यशस्त्रक्रिया सहसा विम्यात बसत नसल्याने पुढच्या उपचारांचा भुर्दंडही घरच्यांच्याच माथी.

याच पुण्याजवळ एका कुंभार कारागिराने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा उभे केले आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने चित्रासह छापली. त्या कारागिराकडे आजच्यासारखी पदवी नव्हती, पण पिढीजात विद्या होती. या दुकानांकडे दोन्ही नाही.

टक्कल हा रोग नाही. टकलाची लाज विकणे हा मात्र धंदा आहे. उत्तर टाळणाऱ्या दुकानातून लोक उठून जातील, याविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न सरकारचा आहे. नोंदणीकृत तज्ज्ञाविना चालणारे प्रत्येक केंद्र त्याने टाळे ठोकून बंद करावे. तोवर या व्यवहारात सरकार १८ टक्क्यांचे भागीदार आहे, आणि भागीदाराची जागा आरोपीच्या पिंजऱ्यातही असते.