इंजिन लहान झाले. कण मोजले का?

वेगवान गाड्यांच्या शौकिनांना गेली काही वर्षे एक सल आहे. फेरारीने २०१५ मध्ये ४.५ लिटरच्या इंजिनाऐवजी ३.९ लिटरचे टर्बो इंजिन आणले. पोर्शेने २०१६ मध्ये बॉक्सटर आणि केमन या गाड्यांना सहाऐवजी चार सिलिंडरचे इंजिन दिले. मर्सिडीज-एएमजीने २०२२ मध्ये ‘सी ६३’मधले आठ सिलिंडरचे इंजिन काढून दोन लिटरचे इंजिन आणि जोडीला विजेची मोटर बसवली. या बदलांमागे प्रामुख्याने युरोपचे कार्बन डायऑक्साइडविषयीचे कडक होत गेलेले नियम आहेत.

शौकिनांना इंजिनाचा आवाज गेल्याचे दुःख आहे. डॉक्टर म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे: याने आपल्या फुप्फुसांचे काय भले झाले?

कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो, म्हणून तो कमी व्हायलाच हवा. पण रस्त्याकडेला उभ्या माणसाचा दमा तो वाढवत नाही. दमा वाढवतात ते नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काजळीचे कण. लहान इंजिनांच्या या लाटेबरोबर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत साध्या गाड्यांतही पसरली. त्यात इंधनाला हवेत मिसळायला वेळ कमी मिळतो, काही इंधन अर्धवट जळते आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांतले काही रक्तातही उतरू शकतात.

युरोपने हे ओळखले. २०१७ पासून अशा नव्या पेट्रोल मॉडेलांसाठी कणांच्या संख्येची मर्यादा आधीच्या एक दशांशावर आली. मग अनेक कंपन्यांनी धुराड्यात कण अडवणारे फिल्टर बसवले. म्हणजे फुप्फुसांना दिलासा मिळाला तो इंजिन लहान झाल्याने नव्हे, कण मोजले गेल्याने.

आपल्याकडेही बीएस-६ मानकांत कणांची मर्यादा आहे, पण ती मुख्यतः नव्या गाड्यांच्या चाचण्यांसाठी. गाडी रस्त्यावर आल्यावर पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. कण कोणी मोजत नाही. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांच्या नियमित तपासणीत कण मोजतात. तशी सोय आपल्याकडे व्हावी, पेट्रोल गाड्यांसाठीही. ताप आहे की नाही हे आपण थर्मामीटर लावून ठरवतो, रुग्णाच्या अंगकाठीवरून नव्हे. गाडीलाही तोच न्याय हवा.