समुद्राला सात-बारा नसतो

उरणजवळची न्हावा आणि शेवा ही मूळची बेटं. आज तिथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या क्रेन उभ्या आहेत. १९८९ साली बंदर सुरू झालं, पण त्याआधीच शेवा कोळीवाड्यातल्या २५६ कुटुंबांना गाव सोडावं लागलं होतं. उरणमध्ये हनुमान कोळीवाडा म्हणून त्यांना जी वस्ती मिळाली, ती जागा अपुरी आणि घरं वाळवीने पोखरलेली. पस्तीस वर्षं उलटली तरी अर्ज आणि मोर्चे चालूच राहिले. याला पुनर्वसन म्हणायचं?

सरकारी कागदावर बाई नसते, ‘कुटुंब’ असतं. कुटुंबाला ‘प्रमुख’ असतो, आणि प्रमुख म्हणजे पुरुष. त्याची होडी दिसते, जाळं दिसतं, परवाना दिसतो. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं फोडणारी, निवट्या-खेकडे पकडणारी, सुकी मासळी वाळवणारी, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळीण कुठल्या रकान्यात बसते? खाडी बुजली की तिचा धंदा बुडाला, हे कुणी लिहूनही घेत नाही.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी जमिनीसाठी लढले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पुढे आलं. तो लढा मोलाचाच. पण जिचं शेत भरती-ओहोटीच्या मधे आहे, तिला साडेबारा टक्के कशाचे?

हे उरणचं, आपल्याला काय, असं पुण्यातल्या मैत्रिणींनी म्हणू नये. बंदराच्या विस्ताराने मासेमारी बुडाली म्हणून कोळी दाद मागायला आले ते राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्याच पीठाकडे. २०१५ साली पीठाने १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. हा विजय कोळ्यांनी स्वतः लढून मिळवला. पण मोजमाप पुन्हा तेच. दर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. त्यातले तिच्या हाती किती?

कागद नाही म्हणजे माणूसच नाही, हा न्याय जगभर चालतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात मलागा बेटावर काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाची मच्छीमार कुटुंबं राहत होती. बेटाची मालकी त्यांच्या नावे नव्हती. १९१२ साली राज्याने त्यांना हुसकावलं. त्याआधी काहींना ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत डांबलं. मेलेल्यांनाही सोडलं नाही, थडगी उकरून हलवली. राज्याने खेद व्यक्त करायला २०१० साल उजाडलं. आपल्या कोळणींनीही शंभर वर्षं वाट पाहायची का?

२०२४ साली पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मोजणीचे तक्ते पुन्हा भरले जातील. ते भरण्याआधीच आपण ठणकावून सांगायला हवं: खाडीतलं बायकांचं काम स्वतंत्र धंदा म्हणून नोंदवा. भरपाई तिच्या स्वतःच्या खात्यात द्या. घर दोघांच्या नावे करा. विधवा, परित्यक्ता, एकटी बाई यांना स्वतंत्र कुटुंब माना. आणि गावाची संमती घ्यायची असेल, तर ती बायकांनाही विचारून घ्या.